ठेकेदार, पाळणाघर आणि १९१५ : राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचे परीक्षण

ऑनलाइन मागवलेला मोबाइल फुटका निघाला, विमान कंपनीने रद्द तिकिटाचे पैसे अडकवले किंवा बँकेने न विचारता विमा गळ्यात मारला, की १९१५ हा क्रमांक आता पुष्कळांना आठवतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन ही केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाची विनामूल्य सेवा आहे. राष्ट्रीय सुट्ट्या सोडल्यास ती रोज सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत चालते आणि मराठीसह १७ भाषांमध्ये तक्रार सांगता येते. मोठ्या कंपन्यांविरुद्ध तिचा चांगला उपयोग होतो, हे बहुतेकांना ऐकून माहीत असते. पण मध्यमवर्गीय घराचा मोठा खर्च ज्या दोन माणसांच्या हाती जातो, म्हणजे घराची फरशी फोडून काम करणारा ठेकेदार आणि आईवडील कामावर असताना मूल सांभाळणारे पाळणाघर, त्यांच्याकडे ना कॉल सेंटर असते ना छापील परतावा धोरण, आणि कित्येकदा धड पावतीही नसते. अशा व्यवहारांत ही हेल्पलाइन कितपत कामाला येते, हे पुण्यात राहणाऱ्या आमच्या कुटुंबाला एकाच उन्हाळ्यात दोन्ही बाजूंनी पाहायला मिळाले. त्या अनुभवावर हे परीक्षण आधारलेले आहे. ठेकेदाराचे व पाळणाघराचे नाव देण्याचे मात्र मुद्दाम टाळले आहे.

आधी तंटे काय होते ते सांगणे भाग आहे. जुन्या सदनिकेतील बाथरूमची फरशी आणि स्वयंपाकघराचा ओटा बदलण्याचे काम आम्ही एका ठेकेदाराला २,८५,००० रुपयांना दिले होते व त्यापैकी २,४०,००० रुपये टप्प्याटप्प्याने यूपीआयने दिले होते. काम आटोपल्यावर थोड्याच काळात खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांच्या छताला ओल दिसू लागली आणि ठेकेदाराने फोन उचलणे बंद केले. दुसरीकडे, घरात सिमेंटची धूळ उडत असताना लहान मुलाला घेऊन तिथे राहणे शक्य नसल्यामुळे आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुलाच्या आजोळी राहायला गेलो. तिथून पाळणाघर फार लांब पडू लागले आणि त्याच काळात आजोळाजवळ दुसरी सोय झाल्यामुळे ते कायमचे सोडायचे ठरले. प्रवेशअर्जावर एक महिन्याची पूर्वसूचना द्यावी असे छापले होते, ती आम्ही २० एप्रिलला लेखी दिली आणि मे अखेर मुलाचे जाणे थांबवले. एप्रिल ते जून या तिमाहीचे ३६,००० रुपये आगाऊ भरलेले होते व अनामत रक्कम १०,००० रुपये होती. जूनचे १२,००० आणि अनामत मिळून २२,००० रुपये आम्हाला परत हवे होते; पाळणाघराचे उत्तर असे होते की एकदा भरलेली फी कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही, आणि अनामत रक्कम तर ‘उपक्रम शुल्का’त वळती झाली आहे.

हेल्पलाइनला फोन लावल्यावर आधी भाषा निवडायची असते. पलीकडच्या बाईंचे मराठी स्वच्छ होते आणि त्यांनी आमची कहाणी मध्येच न तोडता ऐकली, हे आवर्जून नोंदवायला हवे. मात्र कहाणी संपल्यावर त्यांनी जे विचारले ते फार नेमके होते: सेवा देणाऱ्याचे नाव आणि पत्ता काय, त्याचा ईमेल किंवा फोन आहे का, पैसे किती दिले, कोणत्या तारखेला दिले, सेवेत नेमकी त्रुटी काय राहिली आणि तुम्हाला आता काय हवे आहे. शेवटच्या प्रश्नापाशी बहुतेक तक्रारदार घुटमळत असावेत, कारण मनात राग मोठा असतो आणि मागणी अस्पष्ट असते. “त्याने काम नीट करून द्यावे, नाहीतर पैसे द्यावेत, आणि आम्हाला झालेला त्रासही बघावा” हे वाक्य घरात बोलायला ठीक आहे, पण तक्रारीच्या चौकटीत बसत नाही. फोन करण्यापूर्वीच एका कागदावर रक्कम, तारखा आणि एकच ठाम मागणी लिहून ठेवावी. तक्रार नोंदली गेली की तिला एक डॉकेट क्रमांक मिळतो आणि त्यावरून पुढे काय झाले ते पाहता येते. हेच सगळे हेल्पलाइनच्या पोर्टलवरून किंवा केंद्र सरकारच्या उमंग अॅपवरूनही करता येते, शिवाय तिथे कागदपत्रे जोडण्याची सोय आहे. म्हणूनच फोनवर बोलून दिशा समजून घ्यावी आणि तक्रार पोर्टलवर स्वतःच्या शब्दांत टाकावी, हे मला अधिक सोयीचे वाटते.

ही सेवा निकाल देत नाही, हे पहिल्यापासून लक्षात ठेवले तर अपेक्षाभंग होत नाही. तिचे काम दावापूर्व टप्प्यावरचे आहे: तुमचे म्हणणे समोरच्यापर्यंत सरकारी वाटेने पोहोचवायचे, त्याचे उत्तर मागायचे आणि तेवढ्यावर तडजोड होते का ते पाहायचे. एक हजाराहून अधिक कंपन्या हेल्पलाइनशी भागीदार म्हणून जोडलेल्या आहेत आणि त्यांच्याविरुद्धची तक्रार थेट त्यांच्या तक्रार निवारण यंत्रणेत जाते. परताव्यांच्या ज्या सुरस कथा ऐकू येतात त्या बहुतांशी या कंपन्यांच्या असतात. गल्लीतला ठेकेदार किंवा बंगल्याच्या तळमजल्यावरचे पाळणाघर त्या यादीत असण्याचा प्रश्नच नाही. त्यांना तक्रार पाठवली जाते, पण उत्तर देण्याची सक्ती करता येत नाही. थोडक्यात, घरातल्या वडीलधाऱ्याने दोघांना समोर बसवून ‘काय ते बोला’ म्हणावे, तेवढाच या सेवेचा अधिकार आहे. ज्याला वडिलांची भीड आहे तो बोलतो, ज्याला नाही तो उठून जातो.

आमच्या दोन तक्रारींत नेमका हाच फरक पडला, आणि तो का पडला हे समजून घेण्यासाठी दोन्ही व्यवहारांचे कागद पाहावे लागतात.

घराच्या कामाचा कागद म्हणजे आमच्याकडे ठेकेदाराच्या हस्ताक्षरातील एक अंदाजपत्रक होते, तेही एका टाइल्सच्या दुकानाच्या पॅडवर, निळ्या बॉलपेनने लिहिलेले. त्यात फरशीचा दर चौरस फुटाला, ओट्याचा दर रनिंग फुटाला आणि बाथरूमसाठी ‘वॉटरप्रूफिंग चाचणीसह’ अशी एकरकमी नोंद होती. पुढच्या सगळ्या प्रकरणाचा कणा ‘चाचणीसह’ हा एक शब्द ठरला. बाथरूमची जुनी फरशी आणि तिच्याखालचा भराव काढल्यावर स्लॅब उघडा पडतो. तो साफ करायचा, पाइपांच्या भोवतालच्या फटी भरायच्या, त्यावर रासायनिक लेप द्यायचा, लेप वाळल्यावर नहाणी ट्रॅपचे तोंड बंद करून पाणी तुंबवून ठेवायचे आणि दोन दिवसांत खालच्या छताला ओल आली नाही तरच विटांचा कोबा व फरशी पुढे न्यायची, असा या कामाचा रीतसर क्रम आहे. आमच्या ठेकेदाराने पाणी न तुंबवताच, आम्ही कामावर असताना फरशी बसवून टाकली. विचारल्यावर त्याचे उत्तर ठरलेले होते: “साहेब, वीस वर्षांची लाइन आहे आपली, पाणी लावून बघायची गरजच नाही.” हे तो तोंडी म्हणाला असता तर विषय तिथेच संपला असता, त्याने तेच व्हॉट्सअॅपवरील व्हॉइस मेसेजमध्ये म्हटले, म्हणून ते तक्रारीत जोडता आले.

घराचे काम काढणाऱ्यांनी या अंदाजपत्रकाकडे कायद्याच्या नजरेने पाहावे, असे मी सुचवीन. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, सेवेतील त्रुटी ठरवताना दर्जात, पद्धतीत किंवा कराराने कबूल केलेल्या गोष्टीत राहिलेली उणीव पाहतो. कबूल काय केले होते हेच लिहिलेले नसेल, तर उणीव कशाची म्हणणार? ‘चांगल्या क्वालिटीचे प्लायवूड’ या शब्दांना काही अर्थ नाही; ‘आयएस ७१० मानकाचे, आयएसआय चिन्ह असलेले मरीन प्लायवूड’ असे लिहिले तर सिंकखालचे कपाट फुगल्यावर बोलता येते. रंगकामात दारे-खिडक्यांचे क्षेत्रफळ वजा धरणार की नाही, राडारोडा खाली उतरवून नेण्याचा खर्च कोणाचा, जुनी फरशी फोडताना पाइप फुटला तर तो कोण बदलणार, या गोष्टी एका ओळीत लिहून घेता येतात आणि नेमक्या त्यांवरच भांडणे होतात. पैशांचे हप्ते तारखांना न बांधता कामाच्या टप्प्यांना बांधावेत आणि अखेरचा हप्ता पाणी तुंबवण्याच्या चाचणीनंतर किंवा गळती नसल्याचे दिसल्यानंतरच द्यावा. आमच्याकडे ४५,००० रुपये राहिले होते, त्यामुळे निदान बोलणी करायला जागा उरली.

बिलाचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. “बिल पाहिजे असेल तर अठरा टक्के वर लागतील” हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा घरमालक पुण्या-मुंबईत विरळाच. बांधकामाच्या ठेक्यावर साधारणपणे १८ टक्के जीएसटी लागतो हे खरे आहे, आणि वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या लहान ठेकेदाराला जीएसटी नोंदणीची सक्ती नसते हेही खरे आहे. पण नोंदणी नसली तरी घेतलेल्या पैशांची पावती देण्यापासून त्याला कोणी अडवलेले नाही. किंबहुना बिल किंवा पावती न देणे ही २०१९ च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथांमध्ये धरलेली गोष्ट आहे. बिल नसले म्हणून तुम्ही ग्राहक राहत नाही. यूपीआयच्या नोंदी आणि त्या पैशांसोबत पाठवलेला ‘बाथरूमचा दुसरा हप्ता’ असा संदेश हेही पुरावे होतात. नुसते पैसे पाठवण्यापेक्षा ते कशाचे आहेत हे प्रत्येक वेळी लिहिण्याची सवय म्हणूनच मोलाची ठरते.

सोसायटीच्या परवानगीकडे लोक कटकट म्हणून पाहतात. आदर्श उपविधींनुसार सदनिकेत फेरबदल करण्यापूर्वी व्यवस्थापन समितीची लेखी पूर्वपरवानगी लागते, आणि शौचालय, सिंक यांच्या अंतर्गत गळतीची दुरुस्ती सभासदाने स्वखर्चाने करायची असते. फरशी, गिलावा, रंग अशा दुरुस्तीला महापालिकेची बांधकाम परवानगी सहसा लागत नाही; बाल्कनी खोलीत घेणे, बाहेरची भिंत हलवणे किंवा बीम-कॉलमला हात लावणे ही निराळी बाब आहे आणि ती संरचना अभियंत्याला विचारल्याशिवाय करूच नये. आमच्या अर्जात कामाचे स्वरूप लिहिलेले होते आणि समितीच्या पत्रात ‘खालच्या सदनिकेस गळती होणार नाही याची खबरदारी घ्यावी’ अशी अट होती. त्या पत्राची प्रत ठेकेदाराने सही करून घेतली होती. पुढे ‘मला कोणी काही सांगितले नव्हते’ असे म्हणायला त्याला वाव राहिला नाही. येथे हेही स्पष्ट करावे लागेल की खालच्या शेजाऱ्यांचे आपल्याशी असलेले भांडण हेल्पलाइनच्या कक्षेत येत नाही, कारण तिथे ग्राहक आणि सेवा देणारा असे नातेच नाही. त्यांचे छत आपणच दुरुस्त करून द्यावे आणि तो खर्च ठेकेदाराकडील मागणीत धरावा. आम्ही तसे केले. शेजारच्या काकांनी छताचे फोटो आणि एक सहीचे पत्र आपणहून दिले, आणि त्या पत्राचा पुरावा म्हणून फार उपयोग झाला.

आता पाळणाघर. हा तंटा पैशांनी लहान आणि मनाने अवघड होता. ठेकेदाराशी भांडताना माणूस मोकळेपणाने आवाज चढवू शकतो. ज्या बाईंच्या हातचा वरणभात आपले मूल रोज खात होते, ज्यांना ते मावशी म्हणून बिलगत होते, त्यांच्या दारात उभे राहून परताव्याचा हिशेब मांडताना जीभ जड होते. पाळणाघरे चालवणाऱ्यांना हे ठाऊक असते. याच संकोचावर ‘नो रिफंड’ची पद्धत टिकून आहे, असे माझे मत आहे. त्यामुळे पहिला सल्ला असा की बोलणी नेहमी संचालकांशी आणि लेखी करावीत; मुलांना सांभाळणाऱ्या मावशींना त्यात ओढू नये, त्यांच्यासमोर फीचा विषयही काढू नये. त्या पगारी असतात, निर्णय त्यांच्या हातात नसतो, आणि मूल अजून तिथे जात असेल तर वातावरण बिघडू देणे कोणाच्याच हिताचे नाही. आम्ही मूल जाईपर्यंत फक्त पूर्वसूचनेचे पत्र दिले आणि त्याची पोच घेतली; परताव्याची मागणी त्याच्या शेवटच्या दिवसानंतर ईमेलने केली.

दुसरा सल्ला कायद्याचा आहे आणि तो माझ्या मते या लेखातील सर्वांत उपयोगी भाग आहे. पाळणाघराविरुद्धच्या तक्रारीत ‘शाळा’, ‘नर्सरी’, ‘शिक्षण’ हे शब्द विचार न करता वापरू नयेत. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जानेवारी २०२० मधील एका निकालात असे म्हटले आहे की शिक्षण देणाऱ्या संस्था, कोचिंग क्लासेस वगळता, ग्राहक कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. प्रवेशापूर्वीच्या व नंतरच्या गोष्टी आणि सहली-पोहणे यांसारखे उपक्रमही त्यातून वगळलेले आहेत. म्हणजे पूर्वप्राथमिक वर्गाच्या फीचा वाद घेऊन गेलात तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला हा निकाल पुढे करील. पाळणाघर मात्र मूल सांभाळण्याची, खाऊपिऊ घालण्याची, झोपवण्याची सेवा मोबदला घेऊन देते. ती सेवा कायद्यातील व्याख्येत बसते असे मांडायला भक्कम जागा आहे. अनेक ठिकाणी एकाच छताखाली सकाळी प्लेग्रुप आणि दुपारी पाळणाघर चालते आणि पावती एकत्र फाडली जाते. प्रवेश घेतानाच दोन्हींच्या रकमा वेगळ्या लिहून घेतल्या तर पुढचा घोळ टळतो. आमचे मूल फक्त सांभाळण्यासाठी जात असल्याने आमची तक्रार सरळ ‘बालसंगोपन सेवेची आगाऊ घेतलेली व सेवा न दिलेली रक्कम’ अशा शब्दांत मांडता आली. त्यामुळेच, एकही दिवस मूल सांभाळले नाही त्या जून महिन्याचे पैसे कोणत्या आधारावर ठेवून घेतले, हा प्रश्न उघडा पडला.

‘कोणत्याही परिस्थितीत परतावा नाही’ या छापील ओळीला लोक उगाच घाबरतात. अर्जावर सही केली म्हणजे सगळे संपले असे नाही. अवाजवी अनामत मागणारा किंवा करारभंगाच्या मानाने भलताच दंड लावणारा करार २०१९ च्या कायद्याने ‘अनुचित करार’ या सदरात घातला आहे. मात्र एक मेख आहे: करारच अनुचित आहे अशी तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींवर निकाल देणाऱ्या जिल्हा पातळीवरच्या यंत्रणेकडे, करता येत नाही, ती राज्य आयोगाकडे जाते. बावीस हजारांसाठी तिथवर कोण जाणार? त्यापेक्षा त्यांच्याच अर्जावरील पूर्वसूचनेची अट आपण पाळली आणि सेवा घेतलेली नाही, एवढ्याच मुद्द्यावर उभे राहणे शहाणपणाचे. पूर्वसूचनेची अट आणि ‘परतावा नाही’ ही अट एकाच कागदावर असतील, तर पूर्वसूचना मागण्याला काय अर्थ उरतो, हा प्रश्न आम्ही तक्रारीत जसाच्या तसा विचारला होता.

हेल्पलाइनची तक्रार पोहोचल्यावर पाळणाघराच्या संचालिकांचा स्वतःहून फोन आला. सूर दुखावलेला होता. “अहो, एवढ्यासाठी सरकारकडे कशाला जायचं, आपण बसून बोललो असतो ना,” असे त्या म्हणाल्या. आम्ही पाठवलेल्या ईमेलला उत्तर आले नव्हते हे मी त्यांना नम्रपणे सांगितले. त्यांनी उशिरा न्यायला आल्याबद्दलचे १,५०० रुपये दाखवले. ते दर अर्जावर लिहिलेले होते, तारखा त्यांच्या वहीत होत्या आणि त्या बरोबर होत्या, त्यामुळे ती वजावट आम्ही लगेच मान्य केली. ‘उपक्रम शुल्का’चा उल्लेख मात्र कुठल्याच कागदावर नव्हता, आणि तो त्यांनी सोडून दिला. २०,५०० रुपये खात्यावर जमा झाल्यावर तक्रार बंद झाली. मुलांचे आईवडील एकमेकांशी बोलतात, पाळणाघराचे नाव तोंडोतोंडी चालते, त्यामुळे सरकारी डॉकेट क्रमांक असलेला ईमेल त्यांना जड वाटला असणार.

एक इशारा येथेच देऊन ठेवतो. फीचा वाद आणि मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न यांची सरमिसळ करू नये. मारहाण, उपासमार, कोंडून ठेवणे असा संशय असेल तर तो १९१५ चा विषयच नाही. त्यासाठी १०९८ ही बालकांची हेल्पलाइन आणि ११२ आहे, आणि ज्यांच्या ताब्यात मूल सोपवले त्यांनीच क्रूरता केली तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ मध्ये कडक शिक्षा आहे. उलट, परतावा मिळावा म्हणून असा आरोप धमकीसारखा वापरणे हे वाईट तर आहेच, शिवाय त्याने खऱ्या तक्रारीचाही जीव जातो.

ठेकेदाराच्या बाबतीत भीड चालली नाही. त्याला तक्रार गेली, त्याने उत्तर दिले नाही, आणि प्रतिसाद नसल्यामुळे पुढे ग्राहक आयोगाकडे जाण्याचा सल्ला देऊन ती तक्रार बंद झाली. हे अपेक्षितच होते आणि याचा दोष मी सेवेला देणार नाही. नाव बदलून दुसऱ्या उपनगरात काम धरणाऱ्या माणसाला पत्राने कोण बांधणार? पण त्या तक्रारीचा उपयोग झालाच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. आपण भांडणाआधी समेटाचा प्रयत्न केला होता, समोरच्याला संधी दिली होती, याची तारीखवार सरकारी नोंद तयार झाली, आणि आयोगाकडील तक्रारीत ती जोडता आली.

जिल्हा ग्राहक आयोगाविषयी लोकांच्या मनात कोर्टाची धास्ती असते, ती पुष्कळ अंशी अनाठायी आहे. मोबदल्याची रक्कम ५० लाखांपर्यंत असलेल्या तक्रारी जिल्हा आयोगाकडे जातात आणि ५ लाखांपर्यंत कोणतेही शुल्क लागत नाही, म्हणजे घरातील बहुतेक फेरबदलांची प्रकरणे विनाशुल्क दाखल होतात. सेवा देणारा कुठेही राहत असो, तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. वकील असायलाच हवा असे नाही. १ जानेवारी २०२५ रोजी सुरू झालेल्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते, आणि दूरदृश्य प्रणालीने सुनावणीची तरतूद कायद्यातच आहे. पुराव्यादाखल व्हॉट्सअॅप संदेश, फोटो, व्हॉइस मेसेज जोडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडायचे, प्रमाणपत्र सोबत द्यावे. तो कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. आमच्या तक्रारीत सर्वांत वजनदार कागद ठरला तो एका स्थापत्य अभियंत्याचा पाहणी अहवाल. त्यांनी कोपऱ्यातली एक टाइल उचलून आतला थर पाहिला आणि लेप भिंतीवर वर चढवलेलाच नाही, तो फक्त जमिनीपुरता आहे, हे फोटोसह लिहून दिले. दुरुस्ती करून घेण्याआधी असा अहवाल करून घ्यावा, कारण नवी फरशी बसली की जुनी चूक तिच्याखाली गाडली जाते. नव्या गवंड्याने दुरुस्तीचे ६२,००० रुपये सांगितले. तो खर्च, शेजाऱ्यांच्या छताचा खर्च आणि अभियंत्याची फी मिळून आमची मागणी आहे, त्यातून आमच्याकडे राहिलेले ४५,००० आम्ही स्वतःहून वजा दाखवले आहेत.

वेळेबाबत भ्रमात राहू नये. विरुद्ध पक्षाने नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत, फार तर आणखी १५ दिवसांत उत्तर द्यायचे आणि तक्रार तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करायचा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्याहून बराच काळ जातो, हे आयोगाच्या पायऱ्या चढलेला कोणीही सांगेल. आमचे प्रकरण अजून चालू आहे. निकाल मिळूनही समोरच्याने तो पाळला नाही तर एक महिना ते तीन वर्षे कैद किंवा किमान २५,००० रुपये दंडाची तरतूद आहे, आणि ठेकेदाराचा नवीन पत्ता शोधून ठेवण्याचा खटाटोप आम्ही तेवढ्यासाठीच केला. त्याच्या पुरवठादाराकडून, म्हणजे ज्या टाइल्सच्या दुकानाच्या पॅडवर अंदाजपत्रक लिहिले होते तिथूनच, तो मिळाला.

हेल्पलाइनला गुण द्यायचे झाले तर पाळणाघरासारख्या, नावाला जपणाऱ्या आणि पत्त्यावर टिकून असलेल्या सेवेसाठी मी पाचपैकी चार देईन. फिरत्या ठेकेदारासाठी दोन, तेही नोंद तयार होते म्हणून. फोन करण्यासाठी दुपारची वेळ आम्हाला बरी वाटली. ज्यांच्या घरात काम चालू आहे त्यांनी गळती, उखडलेला ग्राउट (टाइल्सच्या फटींतला भराव) किंवा फुगलेले कपाट पहिल्यांदा कधी दिसले ती तारीख फोटोसह टिपून ठेवावी, कारण तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत आयोगाकडे जावे लागते आणि ठेकेदाराच्या ‘पुढच्या रविवारी येतो’ या आश्वासनांनी ती मुदत वाढत नाही. हेल्पलाइनकडे तक्रार पडून असली तरीही ती वाढत नाही.